होडीच्या टोकावरचा मुलगा

मुलांनो, खरं सांगा हं, तुमच्यापैकी कितीजणांनी तो नाच करून पाहिलाय? अंगात काळे कपडे, डोळ्यांवर काळा चष्मा, दोन्ही हात गोल गोल फिरवायचे आणि चेहरा मात्र असा शांत, जणू आपल्याला कशाचंच काही नाही! जुलै २०२५ मध्ये हा नाच जगभर पसरला. परदेशातल्या नावाजलेल्या खेळाडूंनी त्याची नक्कल केली. आमच्या शाळेतही मधल्या सुट्टीत बाकांवर चढून त्याचे प्रयोग झाले.

हा मुलगा इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचा, तेव्हा ११ वर्षांचा. तिथल्या रिआऊ प्रांतात कुआंतान नदीवर होड्यांच्या शर्यती होतात, त्यांना म्हणतात ‘पाचू जालुर’. होडी केवढी? एकाच झाडाच्या खोडातून कोरलेली, २५ ते ४० मीटर लांब! वल्ही मारायला ४०-६० माणसं. आणि अगदी पुढच्या निमुळत्या टोकावर उभा एक लहान मुलगा. तो तिथं शोभेला नसतो बरं का. आपली होडी पुढे गेली की तो नाचू लागतो. म्हणजे काठावर लांब उभ्या असलेल्या लोकांना कळतं, कोण आघाडीवर आहे ते! त्याचा नाच हा निरोप असतो. पुढे तिथल्या सरकारनं या मुलाला आपल्या प्रांताचा पर्यटनदूत केलं.

आपण व्हिडिओत पाहिलं ते काही सेकंदांचं. त्या काही सेकंदांच्या मागे नदीकाठचं अख्खं गाव आहे, आणि होडीत पाठीशी बसलेली, ती नदी ओळखणारी ४०-६० माणसं आहेत. नक्कल करताना नेमकं हेच गळून पडतं.

आता इंडोनेशियातून आमच्या आंदर मावळात या. पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरायची, कान्हे स्टेशनला उतरायचं आणि टाकवे बुद्रुकवरून आत शिरायचं. आंद्रा नदीचं हे खोरं. याच नदीवर टाटांनी १९२२ मध्ये ठोकरवाडीचं धरण बांधलं. गंमत म्हणजे या धरणाचं पाणी सह्याद्री ओलांडून खाली कोकणात, भिवपुरीच्या वीजघरात जातं! पावसाळ्यात इथं भातखाचरं आणि जागोजागी धबधबे, त्यामुळे शनिवार-रविवारी गाड्यांची ही रांग लागते. कॉलेजची मुलं म्हणतात, “मूड फ्रेश करायला आलोय.” इंडोनेशियातली तरुण मंडळीही शहराला कंटाळून अशीच डोंगरात किंवा समुद्रावर जातात. त्यांचा शब्द आहे ‘हीलिंग’. जखम भरून यावी तसं म्हणे!

यात मला काही वावगं वाटत नाही. त्यांच्या येण्यानं इथल्या बायकांची मक्याची कणसं नि गरम भजी खपतात. काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. आमच्या वर्गातली पोरं लहानपणापासून ओढ्यात खेकडे धरतात. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला की कुणी न सांगता ती बाहेर पडतात. ऊन पडलेलं असलं तरी! कारण वर कड्यावर कोसळलेला पाऊस खाली पोचायला वेळ लागतो, पण पोचतो तेव्हा एकदम पोचतो. हे त्यांना पुस्तकातून शिकवावं लागत नाही. पण हल्ली तीच पोरं पाहुण्यांचं बघून धबधब्याच्या मधल्या शेवाळलेल्या कातळावर चढायला लागली आहेत. एकाला विचारलं, तर म्हणाला, “बाई, तिथं उभं राह्यलं तरच फोटू भारी येतो.”

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पाणी अचानक वाढलं, आणि एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. त्यानंतर वर्षही झालं नव्हतं. १५ जून २०२५, रविवार. आपली आंद्रा ज्या इंद्रायणीला मिळते, त्याच नदीवर खाली कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळला. पुलावर शंभराहून जास्त माणसं उभी होती, खालचं फेसाळतं पाणी बघत. चार जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले.

पालकांनो, एक तुमच्यासाठी. मुलं कातळावर उभी असतात तेव्हा समोर फोन धरणारा हात बहुतेक वेळा मोठ्या माणसाचाच असतो. “अजून जरा मागे सर” असं म्हणणाराही तोच असतो.

मुलांनो, तुमच्या गावच्या ओढ्याचं किंवा नदीचं पाणी वाढणार हे जुनी माणसं कशावरून ओळखतात? पाण्याच्या रंगावरून, वासावरून की आवाजावरून? कुठली जागा कायमची वर्ज्य मानतात, आणि का? आजी-आजोबांना विचारा, शेजारच्या काकांना विचारा. गुराख्याला तर नक्कीच विचारा, त्याला सगळ्यात जास्त ठाऊक असतं. आणि मला लिहून पाठवा. सोबत ओढ्याचा नकाशा काढलात, तर फारच छान!