सोनेगावची मध्यरात्र

विमानतळ ही इतिहास घडण्याची जागा आहे, असे आपल्याकडे सहसा कोणी मानीत नाही. किल्ल्याला इतिहास असतो, देवळाला असतो, फार तर एखाद्या जुन्या रेल्वेस्थानकालाही असतो. विमानतळ मात्र नेहमी नवाच असावा आणि नवाच दिसावा, अशी आपली समजूत. त्यामुळे नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळाविषयी जेव्हा जेव्हा बोलणे निघते, तेव्हा ते दुसऱ्या धावपट्टीचे, नव्या इमारतीचे, नाहीतर कारभार कोणाच्या हाती जाणार याचे असते. कारभाराचा तो वाद तर २०२४ सालापर्यंत सर्वोच्च न्यायालयात रेंगाळला. धावपट्टी हवी, इमारतही हवी, याविषयी आमचा कोणाशी मतभेद नाही. परंतु ज्या सोनेगावच्या भूमीवर हे सारे उभे राहावयाचे, तिच्यावर काय घडून गेले हे पाहणारे लोक हयात आहेत तोवरच ते नोंदवून ठेवले पाहिजे. आणि तेवढे सांगण्यासाठीच आम्ही आज पहिल्या पानावरची ही जागा घेतली आहे.

सोनेगावच्या विमानतळाचा जन्म पहिल्या महायुद्धाच्या अखेरीचा, १९१७–१८ सालचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाची विमाने येथे टप्पा घेत, आणि इंग्रज गेल्यावर ही धावपट्टी मुलकी वापरासाठी आपल्या सरकारच्या हाती आली. साम्राज्याच्या सोयीसाठी बांधलेल्या अशा पुष्कळ धावपट्ट्या देशभर पडून होत्या. त्यांतील कित्येकींवर पुढे गुरे चरली. सोनेगावचे भाग्य निराळे निघाले, आणि ते उघडले ते साध्या पत्रांच्या पिशव्यांनी.

३० जानेवारी १९४९ रोजी, गांधीजींच्या पहिल्या पुण्यतिथीच्या दिवशी, रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. तिची कल्पना इतकी सरळ होती की ती आधी कोणाला कशी सुचली नाही याचेच आश्चर्य वाटावे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान टपाल घेऊन निघे. नागपूर या चौघांपासून हवाई मार्गाने सुमारे सातशे ते हजार किलोमीटरांच्या आत. तासाला पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास वेग असलेली डाकोटा विमाने तीन-साडेतीन तासांत सोनेगावला पोहोचत. नागपूरकर गाढ झोपेत असताना चार दिशांची चार विमाने धावपट्टीवर शेजारी शेजारी उभी राहत, पिशव्यांची अदलाबदल होई, मद्रासची पत्रे दिल्लीच्या विमानात आणि कलकत्त्याची मुंबईच्या विमानात चढत, आणि विमाने पुन्हा अंधारात उडत. उजाडता उजाडता चारही महानगरांत परस्परांचे टपाल हजर असे. आगगाडीने ज्या पत्राला दोन-दोन दिवस लागत, ते आदल्या संध्याकाळी पेटीत पडून दुसऱ्या दिवशी हाती येऊ लागले.

या योजनेमागे त्या वेळचे दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांचा आग्रह होता. आमच्या मते या सेवेचा खरा मोठेपणा वेगापेक्षा तिच्या पुढच्या पावलात आहे. १ एप्रिल १९४९ पासून ‘ऑल अप’ योजना लागू झाली आणि देशातल्या देशात जाणारी साधी पत्रे, जादा आकार न घेता, जेथे शक्य तेथे विमानाने जाऊ लागली. म्हणजे विमानात बसण्याचे ज्याच्या स्वप्नातही नव्हते, त्या कारकुनाचे, शिक्षकाचे, गिरणीकामगाराचे पत्र नेहमीच्याच तिकिटावर आकाशातून जाई. स्वातंत्र्याला दोन वर्षेही झाली नव्हती. देश फाळणीच्या जखमांनी विव्हळत होता, धान्य परदेशातून आणावे लागत होते. अशा दिवसांत विमानासारखी महागडी वस्तू पहिल्याप्रथम कोणाच्या उपयोगी पडावी, या प्रश्नाचे उत्तर त्या सरकारने ‘पत्र लिहिणाऱ्या सामान्य माणसाच्या’ असे दिले. आजच्या विमानतळांवरील दुकानांतून एक पेला चहा घेताना ज्यांचा हात खिशाशी अडखळतो, त्यांना या उत्तराची किंमत अधिक कळेल.

‘हब’ हा शब्द अलीकडे नागपूरच्या प्रत्येक जाहिरातीत असतो. मिहान प्रकल्पाच्या तर नावातच तो आहे. देशाच्या मध्यभागी असल्यामुळे आपण मालवाहतुकीचे केंद्र होणार, हे वचन या शहराने इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यावर टाळ्याही पडत नाहीत. गंमत अशी की हा शब्द माहीत नसताना सोनेगाव तसे केंद्र होते. चारी दिशांचा माल रात्री एका ठिकाणी आणावा, तेथे वाटणी करावी आणि सकाळी घरोघर पोहोचवावा, याच पद्धतीवर अमेरिकेतील फेडरल एक्स्प्रेस कंपनीने मेम्फिस येथून १९७३ साली आपला व्यवसाय उभारला. नागपुरात तो प्रयोग तिच्या चोवीस वर्षे आधी, सरकारी टपालखात्याच्या खाकी पिशव्यांवर झाला होता.

या सेवेला रक्ताची किंमतही द्यावी लागली. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री मद्रासकडे निघालेले डाकोटा विमान सोनेगावहून उडताच कोसळले. तेरा जण मृत्युमुखी पडले. एकटा वैमानिक बचावला. विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. अपघातानंतरही टपाल थांबले नाही. रात्रीमागून रात्री विमाने येत राहिली, आणि अशीच आणखी बरीच वर्षे गेल्यावर, काळ आणि विमाने दोन्ही बदलल्यावर, ती सेवा मिटली.

आता दुसरी गोष्ट. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीहून विमानाने नागपुरास आले. तीन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. ते सर्व जग जाणते. त्या आगमनानंतर अवघ्या छप्पन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा पार्थिव देह मुंबईस नेणारे विमान त्या रात्री नागपूरला थांबले. नागपूरचे राजधानीपद जाऊन तेव्हा महिना-सव्वामहिनाच झाला होता. शहर आपल्याच दुःखात होते. परंतु त्या थंडीच्या मध्यरात्री सोनेगावच्या मोकळ्या मैदानात जमलेल्या हजारो माणसांचे दुःख निराळ्या जातीचे होते. ज्यांना दोनच महिन्यांपूर्वी नवा जन्म मिळाला, ते तो देणाऱ्याचे अखेरचे दर्शन घ्यावयास आले होते. दर्शन झाले, विमान उडाले, आणि ७ डिसेंबरच्या पहाटे मुंबईस पोहोचले.

२००५ साली या विमानतळास बाबासाहेबांचे नाव देण्यात आले. नाव देताना पुष्कळदा स्थळाचा आणि व्यक्तीचा काही संबंध नसतो. येथे मात्र तो आहे, आणि तो याच धावपट्टीवरचा आहे. ज्या धावपट्टीवर ते उमेदीने उतरले, तिच्यावरूनच त्यांचे शेवटचे जाणे झाले. किती प्रवाशांना हे ठाऊक असते? आम्ही स्वतः काही सुशिक्षित परिचितांना विचारून पाहिले. दीक्षाभूमीचे महत्त्व सर्वांनी सांगितले, सोनेगावच्या त्या रात्रीविषयी बहुतेकांनी ऐकलेही नव्हते.

जी तरुण मुले त्या रात्री गर्दीत उभी होती, ती आज नव्वदीच्या घरात आहेत. १९४९ साली विशीत असलेला टपालखात्याचा हमाल आज पंचाण्णवीच्या पुढे गेला असेल. दगडी इमारत शंभर वर्षे वाट पाहू शकते, माणसाची आठवण पाहू शकत नाही. म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि तातडीच्या आहेत. विमानतळाचा कारभार ज्यांच्या हाती असेल त्यांनी, नव्या इमारतीचा नकाशा काढतानाच, रात्रीच्या टपालाला आणि ६ डिसेंबरच्या रात्रीला दर्शनी भागात जागा राखावी; जाहिरातींच्या मागचा एखादा कोपरा चालणार नाही. टपालखात्याने आपल्या दप्तरांतील वेळापत्रके, नोंदवह्या आणि छायाचित्रे बाहेर काढावीत. नागपूर विद्यापीठाच्या इतिहास विभागाने विद्यार्थी पाठवून या वृद्धांच्या तोंडून त्या दोन्ही काळांची हकीकत ध्वनिमुद्रित करून घ्यावी. या कामास कोट्यवधींचा निधी लागत नाही. लागतो तो या वर्षीचा वेळ.

आणि आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी त्या काळातले, रात्रीच्या विमानाने आलेले एखादे पत्र जुन्या ट्रंकेत जपलेले असेल, किंवा ज्यांचे वडील वा आजोबा त्या मध्यरात्री सोनेगावला पायी गेल्याचे घरात सांगितले जात असेल, त्यांनी ती हकीकत आम्हांकडे लिहून पाठवावी. ती छापण्यास आम्ही जागा देऊ.