कचरा कुणाला म्हणता?

जैवइंधनावरचं कुठलंही सरकारी सादरीकरण उघडून बघा. पहिल्या काही स्लाइड्समध्येच एक शब्द भेटेल : ‘कृषी कचरा’. हा कचरा देशात कोट्यवधी टन आहे, तो वाया जातो, शेतात जाळला जातो. आता त्यापासून इंधन, गॅस, रसायनं आणि धागे तयार होतील, त्यासाठी जागोजागी बायोरिफायनऱ्या उभ्या राहतील, आणि शेतकरी अन्नदात्याचा ऊर्जादाता होईल. ऐकायला छान आहे. माझं भांडण त्या पहिल्या शब्दाशी आहे. एखाद्या वस्तूला एकदा कचरा म्हटलं, की तिचा भाव ठरवायची जबाबदारी कुणावरच राहत नाही.

मी यावल तालुक्यातली. घरी केळी आणि कपाशी, म्हणजे या सादरीकरणांच्या भाषेत आम्ही दुहेरी कचरेवाले. आमच्याकडे कपाशीच्या काड्यांना कुणी कचरा म्हणत नाही. वेचणी संपली की काड्या उपटून भारे बांधले जातात आणि घराशेजारी रचले जातात. गॅस सिलिंडर आला तरी आंघोळीचं पाणी अजून याच काड्यांवर तापतं. हिवाळ्यात बामणोदची हिरवी वांगी याच काड्यांवर भाजतात, आणि त्या धुराशिवाय झालेल्या भरताला खान्देशात भरीत म्हणायला लोक तयार होत नाहीत. जाळून टाकतो तेही खरं. पण जाळतो, कारण पुढच्या पिकाला रान मोकळं करायचं असतं आणि काडी उचलायची मजुरी परवडत नाही.

आधी बायोरिफायनरी म्हणजे काय ते बघू. खनिज तेलाच्या रिफायनरीत एकाच कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, डांबर असं सगळं वेगळं केलं जातं आणि सगळं विकलं जातं. तेच वनस्पतीबाबत करायचं, म्हणजे बायोरिफायनरी. धुळे जिल्ह्यात याचं जुनं उदाहरण आहे. दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढणारा कारखाना कित्येक दशकांपासून आहे. अशा कारखान्यात मका भिजवून दळतात आणि स्टार्च, ग्लुकोज, कोंबातलं तेल, प्रथिनं, पशुखाद्य असं एकेक वेगळं काढतात. तेव्हा खान्देशाला ही कल्पना दिल्लीकडून शिकायची गरज नाही. प्रश्न इतकाच, की आता जी नवी लाट येते आहे ती कशावर चालणार आणि तिच्यात आमचं काय.

आजवर या धोरणाच्या नावाखाली मुख्यतः आलं ते इथेनॉल. २०१८ साली राष्ट्रीय जैवइंधन धोरण आलं. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०३० साठी होतं, २०२२ मध्ये ते अलीकडे ओढून २०२५-२६ वर आणलं गेलं. २०२५ मध्ये ते गाठलंही. तुमच्या बाइकचं मायलेज घटलं का, यावरचे रील्स तुम्ही तेव्हा पाहिले असतील. त्या वादात एक प्रश्न मागे राहिला : हे इथेनॉल आलं कशातून?

कचऱ्यातून तर नाही. ते आलं उसातून, तांदळातून आणि मोठ्या प्रमाणात मक्यातून. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या भीतीनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्रानं निर्बंध घातले आणि मक्याच्या इथेनॉलला प्रोत्साहनपर दर दिला, लिटरला ७१.८६ रुपये. मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये मक्याचा निव्वळ आयातदार झाला. परदेशी तेल कमी आणायचं म्हणून परदेशी मका आणायचा, हे ऊर्जास्वातंत्र्याचं गणित माझ्या डोक्यात बसत नाही.

आता धुळ्याच्या मका उत्पादकाच्या बाजूनं बघा. एक क्विंटल मक्यातून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघतं. ७१.८६ च्या दरानं त्याचे सुमारे २,७३० रुपये होतात, आणि उरलेला चोथा पशुखाद्य म्हणून वेगळा विकला जातो. तेल कंपन्या हे इथेनॉल ठरलेल्या दरानं घेतात. मक्याचा हमीभाव २०२५-२६ साठी २,४०० रुपये जाहीर झाला, पण त्या भावानं खरेदी करण्याचं बंधन इथेनॉलवाल्यावर नाही. त्या खरिपानंतर अनेक बाजारांत मका हमीभावाच्या बराच खाली विकला गेला, आणि कर्नाटकात शेतकरी रस्त्यावर उतरले. कारखान्याच्या मालाला सरकारी दर आणि शेतकऱ्याच्या मालाला बाजाराची लहर, अशी ही रचना आहे. शिवाय तो स्वस्त चोथा बाजारात आल्यावर सोयाबीन पेंडीची मागणी दबली. म्हणजे एका शेतकऱ्याचा फायदा दुसऱ्याच्या खिशातून निघाला.

मग खऱ्या उरलेल्या मालाकडे, काडी आणि खोडाकडे वळू. इथे मी बायोरिफायनरीच्या बाजूची आहे, हे स्पष्ट सांगते. रावेर, यावल, चोपड्याच्या पट्ट्यात घड कापला की केळीचं खोड संपतं. नवती असो की पिलबाग, एका खोडाला एकच घड. एका हेक्टरमागे काही दशक टन खोडं निघतात आणि ती बांधावर, नाल्यात सडत पडतात. गुजरातमधल्या नवसारी कृषी विद्यापीठानं या खोडापासून धागा, कागद आणि खोडातल्या रसापासून द्रवरूप खत करून दाखवलं आहे. कपाशीच्या काड्यांपासून पार्टिकल बोर्ड आणि ब्रिकेट करण्याचं तंत्र मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेकडे आहे. ही संस्था १९२४ पासूनची. शिवाय काड्या वेळेवर रानाबाहेर गेल्या तर गुलाबी बोंडअळीचा मुक्कामही तुटतो. २०१७ मध्ये त्या अळीनं काय केलं, ते इथल्या प्रत्येक घराला आठवतं. तंत्र आहे, माल आहे, गरजही आहे.

तरी गाडी अडते कुठे? शेत ते कारखाना या रस्त्यावर. केळीच्या खोडात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. दहा टनांचा ट्रक भरला तर नऊ टन पाणीच वाहून नेणार. कपाशीच्या काडीचं दुखणं उलटं, ती कोरडी पण फुगीर. ट्रॉली वजनानं भरायच्या आधी आकारानंच भरते. एकरी साधारण एक टन काडी धरली, तर वर्षाला दोन लाख टनांच्या कारखान्याला दोन लाख एकरांवरची सगळी काडी लागेल. आणि ती निघते फक्त तीन-चार महिन्यांत. उरलेलं वर्षभर ती कुठे रचायची, पावसापासून आणि आगीपासून कशी वाचवायची? ही कामं करणारे हात आमच्या गावांतले, बहुतेक बायकांचे. बायोरिफायनरीचा निम्मा धंदा तिच्या फाटकाबाहेर घडतो, आणि धोरणाचा पैसा फाटकाच्या आत पडतो.

पुरावा घ्या. २०१९ मध्ये केंद्रानं ‘जी-वन’ योजना आणली, काडीकचऱ्यापासून दुसऱ्या पिढीचं इथेनॉल करणाऱ्या प्रकल्पांसाठी. तरतूद १,९६९.५० कोटी रुपये, एका व्यावसायिक प्रकल्पाला जास्तीत जास्त १५० कोटी. ही मदत प्रकल्पाला. पानिपतला इंडियन ऑइलचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. खर्च ९०० कोटींहून जास्त, वर्षाला दोन लाख टन भाताचं काड आणि तीन कोटी लिटर इथेनॉल अशी आखणी. आसामात नुमालीगडला बांबूवर चालणारी बायोरिफायनरी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. या प्रकल्पांचा मला अभिमानच आहे. पण बांधावरच्या काडीला टनामागे किमान किती रुपये मिळतील, हे सांगणारा उसासारखा देशव्यापी कायदा मला दाखवा. तो नाही. कचऱ्याला कशाला हवा कायदा?

उसाला आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार रास्त आणि किफायतशीर दर ठरतो, ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर व्याज. हा कायदा रोज मोडला जातो, मान्य. पण मोडायला तरी तो आहे. त्याच्या जोरावर शेतकरी आयुक्तालयावर मोर्चा नेतो. काडीवाला कुठे जाणार?

आमच्या भागाला अशा घोषणांची आठवण आहे, म्हणून हा संशय. २००३ च्या सुमारास नियोजन आयोगाच्या अहवालानंतर देशभर मोगली एरंडाचं वेड आलं. पडीक जमिनीवर लावा, पाणी लागत नाही, बियांतून डिझेल निघेल. २००९ च्या धोरणानं २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं स्वप्न ठेवलं. ते जैवडिझेल कधी आलंच नाही. २०१८ मध्ये ‘सतत’ योजनेनं २०२३-२४ पर्यंत जैववायूचे ५,००० प्रकल्प सांगितले, मुदत संपताना चालू होते ते शंभराच्या आसपास.

साखर कारखान्यांचंही तसंच. साक्रीचा पांझरा-कान, शिरपूरचा, चाळीसगावचा बेलगंगा, फैजपूरचा मधुकर. शेतकऱ्यांच्या शेअर्सवर उभे राहिलेले हे कारखाने एकेक करून बंद पडले किंवा सहकाराच्या हातून गेले. आणि धुळे जिल्ह्यातल्या विखरणचे धर्मा पाटील आठवतात ना? वीज प्रकल्पासाठी त्यांची पाच एकर जमीन गेली, मोबदला मिळाला सुमारे चार लाख. ऐंशी ओलांडलेला हा माणूस जानेवारी २०१८ मध्ये न्याय मागत मंत्रालयात गेला, तिथे त्यांनी विष घेतलं, आणि २८ जानेवारीला ते गेले. ऊर्जेच्या प्रकल्पात शेतकऱ्याच्या वस्तूची किंमत दुसराच कुणी ठरवतो तेव्हा काय होतं, ते या जिल्ह्यानं पाहिलं आहे.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं : काडीला भाव दिला तर प्रकल्प परवडणार नाही, आणि शेतकरी ती तशीही फुकट जाळतो. मुद्दा गंभीर आहे, म्हणून नीट उत्तर देते. एक, ज्या प्रकल्पाचा ताळेबंद कच्चा माल फुकट मिळाला तरच जुळतो, त्याला उद्योग म्हणू नये. तेल विहिरीवाल्याला कुणी असं विचारत नाही. दोन, काडी फुकट नाहीच. केळी जमिनीतून भरमसाट पालाश उचलते आणि त्याचा मोठा हिस्सा खोडात राहतो. खोड गावाबाहेर गेलं की पालाश गेलं, आणि भारत म्युरिएट ऑफ पोटॅशसाठी जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. म्हणजे खोड फुकट द्यायचं आणि त्यातलंच खत परदेशी गोणीतून विकत घ्यायचं.

म्हणून मला हव्या आहेत चार गोष्टी, आणि त्या अशक्य नाहीत. काडी-खोडाचा टनामागे किमान दर हंगामाआधी जाहीर व्हावा, बांधावरचा, आणि पैसे उसासारखे १४ दिवसांत मिळावेत. पहिली प्रक्रिया, म्हणजे काडीचा भुगा, खोडाचा धागा आणि रस, गावातच व्हावी. त्या यंत्रांवर शेतकरी उत्पादक कंपनीची किंवा बचत गटाची मालकी असावी आणि अनुदानाचा ठरावीक हिस्सा तिथे जावा. ट्रकमधून पाणी वाहण्यापेक्षा हे कारखान्यालाही स्वस्तच पडेल. तिसरं, मातीचा वाटा करारात लिहिलेला असावा : किती माल रानातच राहील, आणि राख, रस, मळी यांतलं काय परत येईल. चौथं, पाणी कुठलं वापरणार ते आधी जाहीर व्हावं. केळीपट्ट्यातले ट्यूबवेल दरवर्षी खोल जात आहेत. तापी महापुनर्भरण योजनेचा करार मे २०२५ मध्ये झाला, पण करारानं विहीर भरत नाही.

यातलं काही मिळणार नसेल, तर निदान दीपनगरकडे बघा. कोळशाच्या वीजकेंद्रांना बायोमासच्या गोळ्या मिसळणं २०२१ च्या धोरणानं बंधनकारक केलं आहे. भुसावळशेजारी वीजकेंद्र आहे आणि चहूबाजूंनी कपाशी. गावागावांत गोळ्या पाडायची छोटी यंत्रं बसवून सुरुवात तिथूनही होऊ शकते. त्यासाठी हजार कोटींच्या भूमिपूजनाची वाट बघायची गरज नाही.

जळगाव-धुळ्यात पुढची घोषणा होईल तेव्हा ती तुमच्या फोनवर येईलच, फेट्यांसकट, नारळासकट. फॉरवर्ड करण्याआधी तिच्यात तीन आकडे शोधा : टनामागे दर किती, पैसे किती दिवसांत, पाणी कुठून. सापडले नाहीत तर खाली तेच तीन प्रश्न लिहा, आणि उत्तर येईपर्यंत लिहीत राहा. आमच्या काडीचा भाव विचारणारं सध्या दुसरं कुणी नाही.