देवळालीचे मास्तर आणि चार कोटी अंकांची संख्या

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकन संशोधकाने सतरा देशांत विखुरलेल्या संगणकांच्या साहाय्याने शोधलेली मूळ संख्या तोवर ज्ञात असलेल्या सर्व मूळ संख्यांहून मोठी ठरली. दोनच्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून एक वजा केला की ती मिळते. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानाला तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांवर पाने लागतील. असल्या संख्येचा उपयोग काय, हा प्रश्न अशा वेळी हटकून विचारला जातो, आणि गुप्तलेखनाचे उत्तर तितक्याच हटकून दिले जाते. ते सोयीचे असले तरी खरे नाही. बँकांच्या व्यवहारांचे रक्षण करणाऱ्या मूळ संख्या काहीशे अंकांच्या असतात. हा हत्ती कोणत्याही पेढीच्या दारात बांधला जाणार नाही.

नाशिकला हा प्रश्न नवा नाही. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या संख्याशोधांकडे येथील गणितज्ञांनी प्रारंभी पोरखेळ म्हणूनच पाहिले. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या शाळामास्तराचे कोण ऐकणार? त्यांचे पुष्कळसे लेखन किरकोळ नियतकालिकांत किंवा पदरमोड करून छापले गेले.

तथापि या दोन गोष्टींचे नाते जवळचे आहे. कापरेकरांच्या डेमलो संख्या पाहाव्यात. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. केवळ एककांनी बनलेल्या संख्यांचे हे वर्ग. ड्युरंट यांची संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर तिच्यातही एक हाच अंक १३,६२,७९,८४१ वेळा येतो! म्हणजे कूळ एकच, फक्त पाया दहाऐवजी दोनचा. दोन्हीकडे नियमही समान आहे: संख्या मूळ असायची तर तिच्यातील एकांची मोजणी मूळ असावीच लागते, पण तेवढे पुरत नाही. दशमान पद्धतीत ११ मूळ आहे, परंतु १११ म्हणजे ३ गुणिले ३७ आणि ११,१११ म्हणजे ४१ गुणिले २७१. पुढे एकोणीस एकांची संख्या मूळ निघते, तेवीस एकांचीही. १,०३१ एकांची संख्या मूळ असल्याचे सिद्ध झाले १९८६ साली. कापरेकरांचे निधनही त्याच वर्षीचे. अशा मूळ संख्या अनंत आहेत काय, हे या दोन्ही पायांच्या बाबतीत अद्याप सिद्ध झालेले नाही.

सतरा देशांची यंत्रे राबवून केलेला शोध विज्ञान ठरतो आणि कागद-पेन्सिलीने घेतलेला तोच ध्यास छंद ठरतो, हा भेद गणिताने केलेला नाही. तो विद्यापीठीय प्रतिष्ठेने केला. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधून कापरेकरांचा परिचय करून दिला, तेव्हा जगाला त्यांचे नाव कळले. निवृत्त होऊन त्यांना तेरा वर्षे झाली होती. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून त्यांनी खाजगी शिकवण्या धरल्या होत्या.