गाडीची वाट, माणसाची वाट
गाडी मागे घेताना कंडक्टरने खाली उतरून शिट्टी वाजवायची, ही एसटीची जुनी, शहाणी रीत. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीतल्या, माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टला मात्र कंडक्टर नसतो. तिची मागची चाकं वळतात, त्यामुळे वळणावर मागचा भाग झपकन बाहेर येतो आणि शेजारून चालणाऱ्याला धडकतो. पुढे उंच माल असला की चालकाला समोरचं दिसतच नाही. तेव्हा मागे बघत उलटंच चालवावं लागतं. चालण्याची वाट दाखवणारे जमिनीवरचे पिवळे पट्टे पुसले गेले की कामगार, त्यातही नवखा कंत्राटी, जवळची वाट धरणारच. त्याला दोष देऊ नका. कारखानदारांनो, लोखंडी कठडे बसवा, पायी माणसाला वेगळं दार द्या, आणि हे पावसाळ्याआधी करा.