कोरियात राहणार आहात? मग जेवणाचं बजेट आधी लिहा



कोरियातून माल आणायचाय, दोन-तीन महिने तिथे राहून मार्केट समजून घ्यायचंय, असं म्हणणारे हल्ली बरेच भेटतात. वहीत तिकीट असतं, खोलीभाडं असतं, मालाचं बजेट असतं. जेवणापुढे मात्र लिहिलेलं असतं, "मॅनेज करू."

मला हे अजिबात पटत नाही. परदेशात तुम्ही एकटे असता. खरेदी तुम्हीच करायची, हिशोब तुम्हीच ठेवायचा, गोण्याही तुम्हीच उचलायच्या. तुम्ही चार दिवस तापाने पडलात तर गल्ल्यावर बसायला तिथे भाऊ नसतो. म्हणून मी म्हणतो, जेवणात वाचवलेले पैसे नफ्यात धरू नका. तुम्ही भांडवल मोडून खाताय.

माझ्या दुकानाच्या मालासाठी मी सोलला गोशीवॉनमध्ये राहिलोय. गोशीवॉन म्हणजे पलंग आणि टेबल मावेल एवढीच खोली, किचन सगळ्यांचं मिळून एक. तिथे भात फुकट असतो, बऱ्याच ठिकाणी किमची आणि राम्योनची पाकिटंही. राम्योन म्हणजे तिथली मॅगी समजा. नवीन माणूस खूश होतो, चला, जेवणाचा खर्च वाचला! पण पाकिटामागचं लेबल बघा. बऱ्याच पाकिटांत 1,700 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा 2,000 च्या आत सांगितली आहे. म्हणजे एका वाटीतच दिवसाचा कोटा जवळपास संपला, आणि पोटाला प्रथिनं किती मिळाली? नावापुरती.

फुकट भात जरूर घ्या. त्याच्याबरोबर काय खाता ते महत्त्वाचं. कोरियात बांचान म्हणजे तोंडी लावायच्या भाज्यांची वेगळी दुकानं असतात, पारंपरिक बाजारात तर हमखास. तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेले सोयाबीन, टोफू. मोड आपल्याला नवीन नाहीत, त्यामुळे जिभेला फार शिकवावं लागत नाही. डाळ-मसाले इटेवॉनच्या मशिदीजवळच्या दुकानांत मिळतात, तेव्हा अर्धी बॅग मेतकूट-चिवड्याने भरू नका. परत येताना तीच जागा सॅम्पलना लागते.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. सूपचं पाणी अनेकदा सुक्या मासळीचं असतं आणि किमचीत बहुतेक वेळा फिश सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. "मासे, कोळंबी, मासळीचं पाणी चालत नाही" हे कोरियनमध्ये लिहून मोबाईलमध्ये ठेवा आणि सरळ दाखवा. लाजायचं कशाला?

आता कपडेवाल्यांसाठी खास. दोंगदेमुनचा होलसेल बाजार रात्री भरतो आणि पहाटेपर्यंत चालतो. रात्री दोन-तीनला भूक लागते, समोर तळलेलं आणि तिखट काहीतरी असतंच, आणि पोटाचं घड्याळ पार बिघडतं. माझा नियम साधा आहे. बाजारात जायच्या आधी संध्याकाळी पूर्ण जेवण. पिशवीत उकडलेली अंडी, भाजलेलं रताळं. दोन्ही गोष्टी तिथल्या कन्व्हिनियन्स स्टोअरमध्येही मिळतात. भुकेल्या पोटी भावही नीट होत नाही, मालक सांगेल त्याला आपण हो म्हणतो.

खरेदी झाली की लगेच खोलीवर पळू नका. बाजाराला लागूनच चंग्येचन ओढा वाहतो. एकेकाळी त्याच्यावर उड्डाणपूल होता. तो पाडून 2005 मध्ये ओढा पुन्हा मोकळा केला, काठाने चालायला छान वाट आहे. अर्धा तास चाला, मग झोपा. जिमची फी मी तरी भरणार नाही. हान नदीकाठच्या बागांमध्ये आणि गल्लीतल्या छोट्या पार्कांत व्यायामाची यंत्रं फुकट असतात, तिथे सकाळी आजी-आजोबा आपल्याआधी हजर! सोल शहराच्या भाड्याच्या सायकली आहेत, त्यांना तारुंगी म्हणतात. आणि रविवारी बुखानसान. 836 मीटरचं शिखर, मेट्रो-बसने पायथ्याशी जाता येतं. सह्याद्रीत फिरलेल्याला जमेल, पण वरचा टप्पा दगडाचा आहे, बूट चांगले हवेत. जानेवारीत मात्र हौस नको, पारा शून्याच्या बराच खाली जातो.

व्यापारी जेवायला नेईल, सोजू पुढे करेल. पीत नसाल तर पहिल्याच ग्लासला नम्रपणे सांगा आणि ज्यूसचा ग्लास दोन्ही हातांनी धरून सोबत बसा. सौदा त्यामुळे अडत नाही.

एक कागदाचं काम राहिलं. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला जुलै 2019 पासून तिथला राष्ट्रीय आरोग्य विमा सक्तीचा आहे, दरमहा हप्ता भरावा लागतो. तो बजेटमध्ये धरा. त्याहून कमी दिवस जाणार असाल तर इथूनच प्रवास विमा काढा.

पुढच्या व्हिडिओत दोंगदेमुनमध्ये कमीत कमी किती नग घ्यावे लागतात, ते बघू.