साथीला नियम हवेत, आणि नियमांनाही मर्यादा हवी

साथ ओसरली की माणूस दोन गोष्टी चटकन विसरतो. आपण किती घाबरलो होतो ही एक, आणि त्या भीतीपोटी कशाकशापुढे मान तुकवली ही दुसरी. कोरोनाच्या बाबतीत हेच झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि आपण सारे पुन्हा आपापल्या उद्योगाला लागलो. आता तो विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. "सरकार सांगेल ते मुकाट्याने ऐकावे, जीव वाचला हेच पुष्कळ," असे काही जण म्हणतात. "माझा जीव, माझी मर्जी, मला सांगणारे हे कोण?" असे दुसरे म्हणतात. आम्हाला दोन्ही सूर अपुरे वाटतात. पुढची साथ केव्हा येईल हे कोणालाच सांगता येणार नाही. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हा विचार आज शांतपणे करून ठेवलेला बरा.

"माझी मर्जी" म्हणणाऱ्यांचा मुद्दा आधी घेऊ. हेल्मेट न घालणारा मुख्यतः आपलेच डोके धोक्यात घालतो. अंगात ताप असताना लग्नाच्या पंगतीला जाऊन बसणारा दुसऱ्याच्या घरातील आजी-आजोबांना धोक्यात घालतो. हा फरक ज्याला पटला त्याला साथीच्या काळातील निर्बंधांचे मूळ समजले. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने आपल्याला देशभर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क दिला आहे आणि त्याच कलमात सार्वजनिक हितासाठी वाजवी निर्बंध घालण्याची मुभाही ठेवली आहे. तेव्हा सरकारला निर्बंध घालता येतात की नाही हा वाद व्यर्थ आहे. ते वाजवी कशाने ठरतात, हा खरा प्रश्न आहे.

प्लेगने काय शिकवले

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मराठी माणसाला फार लांब जावे लागत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला गेला, आणि तो ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस मूळचे गोव्याचे. पाठोपाठ ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. अवघी चार कलमे. सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय सरकारने करावेत, आणि सद्हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, हे त्याचे सार. उपाय कोणते, किती दिवस, चुकीची दाद कोठे मागायची, यावर कायदा गप्प होता. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घरोघरी शिरले, देवघरापर्यंत गेले, बायकांच्या तपासणीत लाजलज्जा राखली गेली नाही, सामानसुमान जाळले गेले. पुढे २२ जून १८९७ रोजी काय घडले आणि चापेकर बंधूंनी त्याची कोणती किंमत दिली, हे या पत्राच्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

पण या इतिहासातील एक बाजू आपण सहसा विसरतो. त्या काळातील आपली माणसे खबरदारीच्या विरोधात नव्हती. उंदीर पडू लागले की गावेच्या गावे घरांना कुलपे लावून शेतात, माळावर झोपड्या घालून राहायला जात. आजच्या भाषेत ते विलगीकरणच होते, आणि तेही आपखुशीने केलेले. टिळकांनी रँडच्या पद्धतीवर कठोर टीका केली. पण पुणे सोडून न जाता हिंदू रुग्णांसाठी इस्पितळ काढण्यातही त्यांनी पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच १० मार्च १८९७ रोजी गेल्या. डॉ. हाफकिन यांनी आपली लस जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग लोकांपुढे ठेवली. पुढल्याच वर्षी आपल्या शेजारच्या हुबळी-धारवाड भागात ती मोठ्या प्रमाणावर टोचली गेली.

यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. लोकांना झोपडीत राहायला जायची अडचण नव्हती. बंदुकीच्या धाकाने, अपमान सोसून जायची होती. जी खबरदारी लोकांना समजावून सांगितली जाते आणि ज्यांनी ती सांगितली ते स्वतःही पाळतात, ती टिकते. जी वरून लादली जाते, तिच्यापायी लोक रोगी लपवू लागतात, आणि लपवलेल्या रोग्यामुळे साथ आणखी पसरते. म्हणजे अति सक्ती ही माणुसकीच्या दृष्टीने वाईट तर आहेच, पण साथ आटोक्यात आणण्याच्या दृष्टीनेही ती तोट्याचीच.

कोरोनात काय दिसले

सव्वाशे वर्षांनी आपण पुन्हा त्याच प्रश्नापाशी आलो. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि अवघ्या चार तासांत देश बंद झाला. रोग नवा होता, इस्पितळे अपुरी होती, काही काळ सारे थांबवणे भाग होते, हे आम्ही मान्य करतो. पण हातावर पोट असलेल्यांचे पुढे काय, याची तजवीज त्या चार तासांत होणे शक्यच नव्हते. चालत गावी निघालेल्यांपैकी १६ मजूर ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वेरुळांवर मालगाडीखाली गेले. आपल्याकडे वडगाव, शहापूर, खासबागेतील माग थंडावले. ज्याच्या घरात महिन्याचा शिधा भरलेला आहे त्याला "घरात बसा" हा सल्ला वाटतो. ज्याच्या घरात नाही त्याला ती शिक्षा वाटते. निर्बंध घालणाऱ्याने पोटाची सोय त्याच आदेशात लिहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट पोलिसी बळाची. जून २०२० मध्ये तमिळनाडूतील सातनकुळम येथे दुकान ठरल्या वेळेनंतर उघडे ठेवल्याच्या आरोपावरून पकडलेले बाप-लेक पोलिसांच्या मारहाणीनंतर दगावले. दुकान उशिरा बंद केल्याची शिक्षा दंड असू शकते. मरण असू शकत नाही. हा प्रसंग अतिरेकी होता हे खरे, परंतु रस्त्यावर उठाबशा काढायला लावणे आणि भाजीच्या गाड्या उलथवणे या गोष्टी देशभर दिसल्या. अशा वेळी दाद मागायची कोठे, हे सामान्य माणसाला ठाऊक नव्हते.

तिसरी गोष्ट समान वागणुकीची, आणि ती आपल्याच गावातील. बेळगावचे खासदार आणि केंद्रीय राज्यमंत्री सुरेश अंगडी यांचे २३ सप्टेंबर २०२० रोजी कोरोनानेच निधन झाले. त्या रिक्त जागेसाठी १७ एप्रिल २०२१ रोजी, दुसरी लाट चढत असताना, पोटनिवडणूक झाली. सर्वच पक्षांचा प्रचार झाला, सभा झाल्या, गर्दी झाली. आणि मतदानानंतर बरोबर दहा दिवसांनी, २७ एप्रिलला, कर्नाटकात कडक निर्बंध लागू झाले. ज्यांची लग्ने मोजक्या माणसांत उरकली, ज्यांना आपल्या माणसाच्या अंत्यविधीला जाता आले नाही, त्यांनी यातून काय समजायचे? मतांसाठी जमलेली गर्दी रोगाला दिसत नाही काय? आम्ही येथे कोणा एका पक्षाला बोल लावत नाही. नियम पुढाऱ्याला एक आणि नागरिकाला दुसरा झाला की नियमाची जरब तर जातेच, त्याच्यावरचा विश्वासही जातो. याउलट आपल्या मंडळांनी काय केले ते पाहा. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक म्हणजे आपला जीव की प्राण. ती २०२० मध्ये निघाली नाही, २०२१ मध्येही नाही. कोणी त्यासाठी दगडफेक केली नाही. समाजाचा असा संयम सरकारच्या हिशेबात कधी धरला जातो का?

सीमेवरचे आपण

साथीच्या काळात राज्यांच्या सीमा अचानक भिंती होतात, हे आपल्याइतके कोणी अनुभवले नसेल. मे २०२० मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्रासह काही राज्यांतून येणाऱ्यांना काही दिवस मज्जाव केला. फेब्रुवारी २०२१ पासून महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआर चाचणीचा अहवाल दाखवणे सक्तीचे झाले. कोगनोळी नाक्यावर आणि बाची-शिनोळी रस्त्यावर माणसे अडली. बंगळूर किंवा मुंबईत बसून आदेश काढणाऱ्याला नकाशावर एक रेषा दिसते. चंदगडच्या माणसाचे इस्पितळ बेळगावात असते, बेळगावच्या लेकीचे सासर गडहिंग्लजला असते, शेत एका राज्यात आणि घर दुसऱ्या राज्यात असते, हे त्याला दिसत नाही. मार्च २०२० च्या अखेरीस कासरगोड आणि मंगळूर यांच्या दरम्यानचा रस्ता कर्नाटकाने बंद केला, तेव्हा रुग्ण अडकले. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कोठे तातडीच्या रुग्णांसाठी वाट मोकळी करण्याचे ठरले. असे न्यायालयात जाण्याची वेळ पुन्हा का यावी? सीमेवरील तालुक्यांतील रहिवासी, रुग्ण, शेतकरी आणि रोज ये-जा करणारे कामगार यांच्यासाठी दोन्ही राज्यांनी मिळून ओळखपत्राची पद्धत आधीच ठरवून ठेवावी. तपासणी जरूर करा. पण प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईला नाक्यावर कागद मागू नका.

यातच भाषेचा प्रश्न येतो. कोरोनाकाळातील बहुतेक आदेश कन्नड किंवा इंग्रजीत आले. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील खेड्यांत फक्त मराठी वाचू शकणारी म्हातारी माणसे आजही पुष्कळ आहेत. जेथे एखाद्या भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणात फार पूर्वीपासून मान्य आहे. एरवी ही मागणी केली की आपल्यावर भाषिक हट्टाचा आरोप होतो. साथीच्या काळात तरी तो आरोप लागू पडत नाही. औषधाच्या बाटलीवरील सूचना रोग्याला वाचता आली पाहिजे, इतकी ही साधी बाब आहे. जो नियम वाचताच येत नाही तो मोडला म्हणून दंड करणे अन्यायाचे आहे. मग ती सूचना मराठीत हवी, उर्दूत हवी, आणि सीमेपलीकडील कन्नड भाषिक गावांत कन्नडमध्येही हवी, असे आम्ही तितक्याच आग्रहाने म्हणू.

लस आणि लाज

लसीबाबत समाजात अजून गैरसमज आहेत. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी त्या नावाचा अर्थ क्षणभर आठवावा. देवीची लस तेथे तयार होत असे. १९८० साली देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले ते लसीमुळेच. तेव्हा लस घ्यावी, घरातील वडीलधाऱ्यांना द्यावी, हेच आमचे सांगणे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात जे म्हटले तेही योग्य आहे: कोणाच्याही शरीरात त्याच्या इच्छेविरुद्ध लस टोचता येणार नाही, पण समाजाच्या आरोग्यासाठी सरकारला वाजवी आणि प्रमाणशीर अटी घालता येतील. तत्पूर्वी ९ डिसेंबर २०२० रोजी त्याच न्यायालयाने रुग्णांच्या दारावर सरसकट फलक लावण्याची प्रथा थांबवली होती. सक्षम अधिकाऱ्याचा खास आदेश असेल तरच तसे करता येते. रोग्याची काळजी घ्यायची असते, त्याची दवंडी पिटायची नसते. आपल्यातही काहींनी त्या काळात शेजाऱ्याला वाळीत टाकल्यासारखे वागवले, परिचारिकेला भाड्याची खोली सोडायला लावली. सरकारकडे सभ्यतेची मागणी करणाऱ्या समाजाने स्वतः तरी सभ्य असायला हवे.

आता करायचे काय?

१८९७ चा केंद्रीय कायदा २०२० साली दुरुस्त झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षा आली, ती हवीच होती. कर्नाटकाने त्याच वर्षी स्वतःचा साथरोग कायदा केला. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात जुन्या केंद्रीय कायद्यातील उणिवा दाखवून त्यात व्यापक सुधारणा किंवा नवा सर्वंकष कायदा सुचवला आहे. सरकारचे हात बळकट करण्याचा विचार होतो आहे, तो व्हावा. पण नागरिकाच्या बाजूने कोण बोलणार?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. साथीतील प्रत्येक आदेश लेखी असावा, त्यात कारण आणि मुदत असावी, आणि मुदत संपली की तो आपोआप संपावा. वाढवायचा तर पुन्हा कारण द्यावे. आदेश स्थानिक लोकांच्या भाषांत निघावा. तो पुढाऱ्याला आणि हमालाला सारखाच लागू असावा. ज्याची रोजी बुडते त्याच्या शिध्याची तरतूद त्यातच असावी. तक्रार ऐकणारा अधिकारी तालुक्याच्या ठिकाणी असावा. आपल्या आमदारांनी, नगरसेवकांनी आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाने यावर आपली भूमिका सांगावी. आपण ती विचारावी.

आणि आपल्या बाजूने? गल्लीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी प्रत्येक मंडळाकडे असावी. सरकारी आदेश आला की तासाभरात त्याचा बिनचूक मराठी मजकूर करून देणारी दोन-चार माणसे आधीच ठरलेली असावीत. ताप असताना गर्दीत न जाणे, रोग न लपवणे आणि आशा कार्यकर्तीला दारातून न हाकलणे, एवढे तर कोणत्याही कायद्यावाचून करता येते. जो समाज आपली शिस्त आपण राखतो, त्याच्यावर सक्ती करायला सरकारलाही निमित्त उरत नाही, आणि अशाच समाजाला सरकारकडे ताठ मानेने जाब मागता येतो.