मावशींची सीडी आणि आपलं लिनक्स

यंदाच्या गॅदरिंगला मेसच्या मावशींनी भारूड म्हटलं आणि अख्खा हॉल डोक्यावर घेतला, हे तुम्हाला आठवत असेलच. दुसऱ्या दिवशी पोळी वाढता वाढता त्या म्हणाल्या, “पोरांनो, ते मला सीडीवर टाकून द्या. गावाकडं सासूबाईंना टीव्हीवर दाखवते.” मोबाइलवर पाठवतो म्हटलं, तर म्हणाल्या, “म्हातारीला त्या एवढ्याशा काचेत काय दिसणार?” घरी जुना डीव्हीडी प्लेयर आहे. त्याला पेनड्राइव्हचं भोक नाही.

मोठ्या तोऱ्यात ‘देतो’ म्हणालो. लॅबमधून सरांचा बाहेरून जोडायचा रायटर आणला, के-थ्री-बी उघडलं, फोनवरची फाइल डिस्कवर ओढली आणि राइट केली. कॉमन रूमच्या प्लेयरने ती डिस्क थुंकून बाहेर टाकली! लगेच विंगमधून सल्ला आला, “अरे, विंडोज टाक. लॅनवर क्रॅक पडलाय, दहा मिनिटांचं काम. लिनक्समध्ये असलं काही मिळत नाही.”

माझं भांडण आहे ते या शेवटच्या वाक्याशी. लिनक्समध्ये सगळं मिळतं, फक्त आपण शोधतो चुकीची गोष्ट. आपल्याला एकच सॉफ्टवेअर हवं असतं, ज्यात इकडून फाइल टाकली की तिकडून डिस्क बाहेर. तसंही आहे म्हणा, डीव्हीडीस्टायलर आणि डीव्हीडे ही दोन्ही खिडक्या-बटणांची आहेत. पण ती अडली की का अडली ते कळत नाही, कारण आत काय चाललंय ते आपल्याला ठाऊकच नसतं. आणि आपण म्हणे इंजिनियर होणार!

आत तीनच कामं असतात. प्लेयरला फोनचं एच-२६४ कळत नाही, त्याला एमपेग-२ लागतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं. हे रूपांतर एफएफएमपेग करतं. मग डीव्हीडीऑथर त्या फाइलचे तुकडे पाडून प्लेयरला लागतो तसा फोल्डर रचून देतं. शेवटी त्याची इमेज करून डिस्कवर लिहायची. माझी पहिली डिस्क का थुंकली गेली, ते इथे कळलं. मी फक्त तिसरं काम केलं होतं.

खरी मजा गणितात आली. कार्यक्रम १०० मिनिटांचा, म्हणजे ६००० सेकंद. एफएफएमपेगला नुसतं ‘पाल-डीव्हीडी’ सांगितलं की ते चित्रासाठी सेकंदाला ६ मेगाबिट धरतं, वर आवाजाचे साधारण अर्धा. गुणा, आठने भागा, उत्तर ४.८ जीबीच्या वर. डिस्क ४.७ ची! चित्र ५ मेगाबिटवर आणलं, तेव्हा ४.१ मध्ये बसलं. भागाकार चौथीतला, पण तो करायला रात्रीचे दोन वाजले. त्यानंतर डीव्हीडीऑथर अडून बसलं, कारण पाल की एनटीएससी हे त्याला स्वतंत्रपणे सांगावं लागतं. तिथे अजून अर्धा तास गेला.

आता लिनक्सवाल्यांनाही दोन शब्द. नवा माणूस गोंधळतो यात त्याचा दोष नाही. २००६ मध्ये लायसन्सच्या वादातून डेबियनने सीडीरेकॉर्डची वेगळी शाखा काढली, तिथे त्याचं नाव झालं वोडिम. २०११ मध्ये एफएफएमपेगमध्ये फूट पडली, लिबएव्ही निघालं, आणि काही वर्षं डेबियन-उबुंटूत एफएफएमपेगच्या जागी एव्हीकॉन्व्ह आलं. २०१५ मध्ये दोघांनीही एफएफएमपेग परत घेतलं. पेटंटच्या भीतीने कित्येक डिस्ट्रो हे कोडेक सोबत देतच नसत; अमेरिकेतलं एमपेग-२ चं शेवटचं पेटंट संपलं ते फेब्रुवारी २०१८ मध्ये. त्यामुळे कुठलीही जुनी कृती उघडा, त्यातली निम्मी नावं आज चालत नाहीत. अशा वेळी विचारायला गेलं की सीनियर म्हणतात, “मॅन पेज वाच.” अहो, कुठल्या कमांडचं वाचू, हेच तर विचारतोय!

क्रॅकला माझा विरोध फक्त चोरी म्हणून नाही (चोरी तर ती आहेच, आणि सोबत कुठला व्हायरस येईल याचा नेम नाही). क्रॅकने डिस्क झाली असती आणि पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा क्रॅकच शोधत बसला असता. आता माझ्याकडे सात ओळींची स्क्रिप्ट आहे. कोणती ओळ काय करते हे मराठीत लिहून तो कागद मी कॉमन रूमच्या पीसीशेजारी चिकटवलाय. सिव्हिलच्या एका ज्युनियरने त्यावरून गावच्या जत्रेची डिस्क केली. मला एकदाही न विचारता! असे कागद प्रत्येक विंगने लावावेत, आणि लॅबच्या सरांनी तो रायटर कपाटात कुलूपबंद न ठेवता कॉमन रूमला द्यावा, एवढंच मागणं.

मावशींची डिस्क शनिवारी कॉमन रूमच्या प्लेयरवर लावून पाहिली. चित्र स्वच्छ, आवाज जरा बारीक. त्यांनी दोन प्रती मागून घेतल्या, एक नणंदेसाठी. सासूबाई काय म्हणाल्या ते सोमवारी मावशी आल्या की कळेल.